पाण्याखालचा धबधबा आणि शेजारचा डोंगर

या वेळच्या पत्रांमध्ये मॉरिशसबद्दलची तीन पत्रं आहेत. चौथं मालवणहून आलंय, पण विषय तोच. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून मी याच चौघांना उत्तरं देते आहे. या बेटाबद्दल मला बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं.

प्रश्न : ताई, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं फेब्रुवारीत मॉरिशसला गेलो होतो. तिथला ‘समुद्राखालचा धबधबा’ फोटोत पाहिल्यापासून मी वर्षभर त्याचंच घोकत होते. बोटीने त्या टोकापर्यंत गेलो, खूप वेळ थांबलो, पण धबधबा काही दिसला नाही. फोटो खोटा होता का? आमची फसवणूक झाली का? (एक वाचक, सांगली)

फोटो खोटा नाही. पण तिथे धबधबाही नाही.

तुमची बोट जिथे थांबली, तिथून फार लांब नव्हता तो. कदाचित तुमच्या पायाखालीच असेल. तो बोटीतून दिसत नाही, फक्त वरून दिसतो : हेलिकॉप्टरमधून, छोट्या विमानातून, नाहीतर उपग्रहावरून. मॉरिशसच्या जवळजवळ सगळ्या किनाऱ्याला प्रवाळाचा बांध आहे. बांधाच्या आतलं पाणी उथळ आणि शांत, खाली पांढरी वाळू. नैर्ऋत्येच्या टोकाला या बांधाला खिंड आहे. तिथून आतलं पाणी बाहेर जाताना वाळू आणि बारीक गाळ सोबत ओढून नेतं, आणि पुढे समुद्राचा तळ एकदम खोल जातो. पाणी कुठेही कोसळत नाही. पांढऱ्या वाळूचे ओघळ खोल, काळ्या-निळ्या पाण्याकडे उतरत गेलेले दिसतात आणि आपल्या डोळ्याला तो धबधबा वाटतो.

रंगाचं गणित घरच्या घरी कळतं. बादलीभर पाण्यात निळीचे चार थेंब टाका. बादलीत पाहिलं तर पाणी निळंशार, तेच ओंजळीत घेतलं तर रंग असून नसल्यासारखा. समुद्रात नीळ नाही, पाणी स्वतःच उन्हातला तांबडा रंग शोषून घेतं आणि निळा तेवढा मागे ठेवतं. पण खोली वाढेल तसा रंग गडद होतो, हे दोन्हीकडे सारखंच. खाली पांढरी वाळू असेल तिथे मोरपिशी, खोल असेल तिथे जवळजवळ काळा. त्या फोटोत या दोन रंगांच्या मधल्या सगळ्या छटा एका उतरणीवर आल्या आहेत.

आता फसवणुकीचं. ज्याने तुम्हाला बोटीचं तिकीट आकाशातून काढलेला फोटो दाखवून विकलं, त्याने चूकच केली. तसं त्याला लेखी कळवा, गप्प बसू नका. शिवाय तुम्ही फेब्रुवारीत गेलात. नोव्हेंबर ते एप्रिल हे तिथे चक्रीवादळांचे महिने. त्यातही जानेवारी ते मार्च पाऊस जास्त आणि आकाश अनेकदा भरलेलं. तो फोटो स्वच्छ उन्हात, सूर्य डोक्यावर असताना काढलेला असतो. पुढच्या वेळी कुठल्याही बेटाचा फोटो दाखवून कुणी सहल विकायला आलं, तर त्याला विचारा : हा फोटो किती उंचीवरून, कोणत्या महिन्यात, किती वाजता काढलाय? उत्तर आलं नाही तर पैसे भरू नका.

पण मला तुम्हाला दुसरंच काहीतरी सांगायचं आहे. तो फोटो पुन्हा उघडा. धबधब्याशेजारी एक डोंगर दिसेल, सरळ कड्यांचा, समुद्रात पाय टाकून बसलेला. त्याचं नाव ल मॉर्न ब्राबाँ. उंची ५५६ मीटर. मॉरिशसमध्ये गुलामगिरी होती तेव्हा उसाच्या मळ्यांतून पळालेली माणसं या डोंगराच्या कपारींत लपून राहायची. मादागास्करहून, मोझांबिकहून पकडून आणलेली माणसं होती ती. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत, की ही बातमी द्यायला शिपायांची तुकडी डोंगराकडे निघाली, तेव्हा वरच्यांना वाटलं की आपल्याला धरायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ साली युनेस्कोने या डोंगराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. १ फेब्रुवारीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. पायथ्याशी गुलामांचं स्मारक आहे.

तुम्ही नेमक्या फेब्रुवारीत तिथे होतात. दिवसभर हा डोंगर तुमच्या डोळ्यांसमोर होता आणि कुणी तुम्हाला त्याचं नावही सांगितलं नसणार. मी पाहिलेल्या सहलींच्या पुस्तिकांत त्या फोटोखाली ‘समुद्राखालचा धबधबा’ एवढंच लिहिलेलं असतं. फोटोत डोंगर आहे, ओळीत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्याकडे बोटीतून काढलेले फोटो असतील. त्यात डोंगर नक्की आला असेल. तो मोठा करून घरात लावा, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : आमच्या भागातून पूर्वी लोक मॉरिशसला मजुरीला गेले, असं गावातले म्हातारे सांगतात. पण मी मॉरिशसचे कितीही फोटो पाहिले तरी त्यात माणसंच दिसत नाहीत. फक्त वाळू, नारळ आणि पाठमोरं जोडपं. आपली माणसं तिथे आहेत तर ती गेली कुठे? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्यापासूनच सुरू करावं लागेल.

२००९ साली एका सहल कंपनीच्या पुस्तिकेसाठी मी मॉरिशसला फोटो काढायला गेले होते. हातात यादी होती : मोकळा किनारा, निळं आकाश, नारळ, पांढऱ्या कपड्यांतलं जोडपं, पाठमोरं. पाठमोरं अशासाठी, की पाहणाऱ्याला तिथे स्वतःला ठेवता यावं. तू बरोबर पाहिलंस. ते जोडपं योगायोगाने पाठमोरं नसतं.

पहिल्या दिवशी उजाडायच्या आत मी किनाऱ्यावर उतरले. तिथे चार माणसं आधीच कामाला लागली होती. लाटांबरोबर रात्रीतून आलेलं शेवाळ, प्रवाळाचे तुकडे, प्लास्टिक, सगळं लांब दांड्याच्या दंताळ्यांनी ओढून पोत्यांत भरत होती. सूर्य वर आला, तिरपं ऊन पडलं आणि दंताळ्याच्या रेघा वाळूवर उमटलेल्या दिसल्या. ओल्या शेतात कुळव फिरवल्यासारख्या, एकसारख्या, समुद्राला समांतर. मी भान हरपून फोटो काढले. साडेसातपर्यंत किनारा इस्त्री केल्यासारखा झाला, माणसं पोती घेऊन मागच्या दाराने निघून गेली, आणि मग पर्यटक नाश्त्याला उतरले. ज्याला आपण ‘स्वच्छ, अस्पर्श किनारा’ म्हणतो तो रोज पहाटे चार माणसं तयार करतात. पुस्तिकेसाठी मी तेही फोटो पाठवले. कंपनीचं उत्तर एका ओळीचं होतं : कामगार नकोत.

रविवारी मी हॉटेलबाहेर, सार्वजनिक किनाऱ्यावर गेले. तिथे नारळापेक्षा सुरूचीच झाडं जास्त. आपल्याकडे दापोली-हर्णैला सुरूची बनं आहेत ना, अगदी तशी, वाऱ्याचा सूंऽऽ आवाजही तसाच. झाडांखाली कुटुंबंच्या कुटुंबं, बिर्याणीची पातेली, पोरांचे फुटबॉल, म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसलेल्या. कायद्याने तिथला किनारा भरतीच्या रेषेपर्यंत सगळ्यांचा आहे, हॉटेलांचा नाही. ही गर्दी हेच खरं मॉरिशस, पण यादीत ती नव्हती.

तिथे एक बाई अननस विकत होत्या. मी फोनवर घरी बोलत होते, ते ऐकून त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, “मराठी? आमी पण मराठी.” पुढचं बोलणं थोडं इंग्रजीत, थोडं हातवाऱ्यांनी झालं, कारण त्यांच्या घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली भाषा बोलतात. पण गणपतीची आरती त्यांना पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत पाठ होती. मुली शाळेत मराठी शिकत होत्या. गणेश चतुर्थीला देशाला सुट्टी असते, हे त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. आणि ‘झाकरी’ नाचतो म्हणाल्या. आपली जाखडीच ती! पूर्वज कुठून आले विचारलं तर एकच शब्द आला : रत्नागिरी. गाव माहीत नाही, तालुका माहीत नाही. तुझ्या जिल्ह्याचं नाव तेवढं दीड-दोनशे वर्षं जपून ठेवलेलं.

बोलता बोलता त्यांचे हात चालूच होते. अननस देठाला धरून उभा धरायचा, साल उतरवायची, मग डोळ्यांच्या तिरप्या ओळींत सुरी घालून एक वळणदार खाच, पुन्हा फिरवून दुसरी. मिनिटभरात अननसावर जिना कोरल्यासारखा दिसायचा. मग चिंचेचं आंबट पाणी आणि मीठ-मिरची. त्यांच्या उजव्या अंगठ्याला सुरीने घट्टा पडला होता. मी त्या हातांचा फोटो काढला. माझ्या त्या दौऱ्यातला सगळ्यात चांगला फोटो.

पुस्तिका छापून आली तेव्हा पाचव्या पानावर अननस होता. हात नव्हते. फोटो मनगटाच्या अलीकडे कापला होता. मी तेव्हा काही बोलले नाही, मानधन घेतलं आणि पुढच्या कामाला लागले. आज ते काम कुणी दिलं तर मी करार करतानाच लिहून घेईन की माणूस कापायचा नाही. तू विचारतोस माणसं गेली कुठे. ती अशी जातात. कुणीतरी पहाटे उठवून पाठवतो, कुणीतरी कापतो, आणि कुणीतरी गप्प बसतं.

आता तुझ्या गावच्या म्हाताऱ्यांचं. ते खरं सांगतात. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ३६ भारतीय मजूर ‘अॅटलस’ जहाजातून पोर्ट लुईला उतरले. गुलामगिरी संपत होती आणि उसाला हात हवे होते. पुढच्या काळात साडेचार लाखांहून जास्त माणसं कराराने गेली. बहुतेक बिहारकडची, कलकत्त्याहून. काही मद्रासहून, काही मुंबई बंदरातून, त्यात आपली कोकणातली. ते जिथे उतरायचे तो धक्का, आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसा आहे. तिथे दगडी पायऱ्या आहेत, सोळा. कितीतरी जणांचा पहिला पाय त्या पायऱ्यांवर पडला.

आणि एक गोष्ट ऐक, कारण तू फोटोंबद्दल विचारलंस. हॉटेलांचे रंगीत फोटो यायच्या कितीतरी आधी या बेटावर फोटोंचा मोठा कारखाना चालू होता. १८६७ साली मजुरांसाठी कायदा झाला : करार संपलेल्या मजुराने स्वतःचा फोटो लावलेला परवाना कायम जवळ बाळगायचा. पोलिसाने अडवलं आणि परवाना नसला की भटक्या म्हणून अटक. म्हणजे हजारो गरीब शेतमजुरांचे फोटो १८६०-७०च्या दशकांत काढले गेले, तेव्हा आपल्या गावांत बहुतेकांनी कॅमेरा पाहिलाही नव्हता. समोर बघणारे चेहरे, सोबत नोंदणीचा क्रमांक. कुणी बायकांनी दागिने घातलेले, कुणाच्या डोक्याला मुंडासं, सगळ्यांची नजर ताठ. ते फोटो आणि नोंदवह्या आज मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत, आणि वंशज तिथे आपल्या पूर्वजाची नोंद शोधायला जातात.

दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघ. एकात फक्त माणूस, कारण त्याच्यावर पाळत ठेवायची होती. दुसऱ्यात फक्त बेट, कारण ते विकायचं होतं. तुझ्या जिल्ह्यातली बाई या दोन्हींच्या मधे उभी राहून अननस सोलते आहे.

माणसं एकदा मात्र जगाच्या डोळ्यांसमोर आली. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ नावाचं मोठं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. जवळच ब्लू बे, प्रवाळाचं राखीव क्षेत्र. तेव्हा गावंच्या गावं किनाऱ्यावर उतरली. उसाचं पाचट कापडात भरून, शिवून, त्याचे लांबच लांब तरंगते बांध केले आणि तेल अडवायला पाण्यात सोडले. कोपरापर्यंत काळे झालेले हात, कडेवर पाचटाचे गठ्ठे घेऊन धावणारी पोरं. ते फोटो शोध. ज्या उसासाठी आपले पूर्वज तिथे नेले गेले, त्याच उसाच्या पाचटाने त्यांच्या नातवंडांनी समुद्र धरून ठेवायचा प्रयत्न केला. मॉरिशसचा एकच फोटो निवड म्हटलं तर मी त्यातला निवडेन.

तुझ्या गावातल्या म्हाताऱ्यांची नावं, कोण कुणाच्या घरातला गेला, कधी, ते सगळं लिहून काढ. या मे महिन्यातच. पलीकडे ‘रत्नागिरी’ एवढाच शब्द उरलाय.

प्रश्न : डिसेंबरमध्ये मॉरिशसला जातोय. समुद्राचा रंग खरा यावा म्हणून कॅमेऱ्यात काय करू? (हौशी छायाचित्रकार, पुणे)

थोडक्यात सांगते. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर बसवायची फिल्टरची काच, लावलात तर पाण्यावरची चमक कापली जाते आणि तळ दिसतो. तो रंग खोटा नाही, पण नुसत्या डोळ्याला तेवढा दिसत नाही. त्यामुळे एक फोटो पोलरायझर लावून आणि एक न लावता घ्या, दोन्ही ठेवा. सकाळी अकरा ते एक पाणी सर्वांत मोरपिशी दिसतं. फोनमधली आपोआप रंग वाढवणारी सोय बंद करा. वाइड लेन्सने चिंचोळा किनाराही मैदानासारखा दिसतो, म्हणून फ्रेममध्ये एखादं माणूस, बोट किंवा छत्री येऊ द्या, म्हणजे माप कळतं. माणसाचा फोटो काढताना आधी विचारा. आणि ढगाळ दिवशी कॅमेरा खोलीत ठेवू नका. राखाडी पाण्यावर परतणाऱ्या कोळ्यांच्या होड्या फार सुंदर दिसतात.

प्रश्न : मालवणजवळ आमचं छोटं होमस्टे आहे. आजूबाजूचे सगळे ‘महाराष्ट्राचं मालदीव’ म्हणून रंग वाढवलेले फोटो टाकतात. मी साधे टाकते तर कुणी फिरकत नाही. जे येतात ते पाणी हिरवट आहे म्हणून कुरकुरतात. मीही तसेच फोटो टाकू का? (एक वाचक, तारकर्ली)

नका टाकू, बाई. तुमची अडचण मला कळते, हप्ते फेडायचे असतात, आणि मी बाहेरून सांगणं सोपं आहे. तरी नका टाकू.

मालदीवमध्ये प्रवाळाच्या चुऱ्याची पांढरी वाळू आहे आणि नद्या नाहीत. तुमच्याकडे सह्याद्रीतून कर्ली येते, गाळ आणते, त्या गाळावर मासळी वाढते. हिरवटपणा हा त्या मासळीचाच रंग आहे. तुम्ही पाहुण्यांना जे बांगडे वाढता ते त्याच पाण्याचे. निळ्या फोटोने आलेला माणूस निळं शोधत येणार आणि नाराज होऊन जाणार. आणि उद्या त्याच्या समाधानासाठी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांना ‘सकाळी आठच्या आत आटपा’ म्हणून सांगायची वेळ तुमच्यावरच येणार. मॉरिशसला मी ते पाहिलं आहे. हे तुमच्या पुळणीवर होऊ देऊ नका.

त्याऐवजी असं करा. वर्षभर, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, एकाच जागेवरून, एकाच वेळी एक फोटो काढा. जानेवारीचं नितळ पाणी येईल, मेची धग येईल, जुलैचं तांबूस उधाण येईल, गणपतीनंतरचं हिरवं येईल. बारा फोटो ओळीने लावा, खाली महिना लिहा. रापणीला उभी असलेली माणसं आली तर येऊ द्या, त्यांना विचारून. मग पाहुणा स्वतःच्या डोळ्यांनी महिना निवडेल.

पहिले तीन फोटो झाले की मला पाठवा. अंकात छापायची व्यवस्था मी करते, आणि एकही कडा कापली जाणार नाही.